मुखवट्याआड दडविलेला माणूस



ज्याला मारावयाचे त्याचा चेहरा आधी झाकावयाचा, हा अन्यायाचा फार जुना रिवाज आहे. चेहरा दिसला की डोळे दिसतात, डोळे दिसले की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की उगारलेला हात क्षणभर तरी थबकतो. तो हात थबकू नये अशी ज्यांची इच्छा असते ते प्रथम मुखवटा शोधतात. आजच्या लेखाचा विषय हा मुखवटा आहे. तो तुमच्या घरात, तुमच्या मुलाच्या हातातील मोबाईलवर येऊन पोहोचला आहे. म्हणून त्याविषयी तुमच्याशी बोलणे अगत्याचे वाटते.

कुंभवली, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील कित्येक घरांत आईबाप औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत पाळीने कामास जातात. रात्रपाळीहून आलेला बाप दिवसा झोपतो, आई कामावर असते, आणि शाळेतून परतलेले पोर मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. ते काय खेळते हे पाहावयास सवड कोणाला? ‘गप्प बसले आहे, बाहेर भटकत नाही’ एवढ्यावर समाधान मानले जाते. तेव्हा ते खेळते तरी काय, हे आपण आधी समजावून घेऊ.

या अद्भुतरम्य खेळांत खेळणारा स्वतः वीर असतो. अरण्ये, ओसाड देवळे, पडके किल्ले यांतून तो हिंडतो आणि वाटेत त्याला शत्रू भेटतात. त्या शत्रूंपैकी एक साचा इतका ठराविक झाला आहे की तो खेळाखेळांत आढळतो. अंगात एकाच रंगाचा पायघोळ झगा, डोक्यावरून ओढलेली टोपी, तोंडावर मुखवटा. रात्री हे लोक एकत्र जमतात, कोणालाही न कळणाऱ्या भाषेत काही मंत्र म्हणतात, कोणत्या तरी गूढ शक्तीची आराधना करतात. त्यांना नाव नाही, गाव नाही, मुलेबाळे नाहीत. ते असे का वागतात हे विचारण्याची बहुधा सोय नाही. दिसला की मारावयाचा. मेला की थोड्या वेळाने तसाच दुसरा उभा राहतो.

हा साचा पुनःपुन्हा का वापरला जातो? याची दोन कारणे आहेत. पहिले कारण धंद्याचे. संगणकावर माणसाचा बोलका चेहरा घडविणे कष्टाचे आणि खर्चाचे काम असते. मुखवटा एकदा घडविला की तोच शंभर धडांवर चढविता येतो. दुसरे कारण मनाचे. शंभर माणसे मारल्यावरही खेळणाऱ्याला स्वतःविषयी किळस वाटता कामा नये. आणि चेहरा नसलेल्याला मारल्याची किळस वाटत नाही. म्हणजे मुखवटा शत्रू घालतो असे आपणास दिसते. वस्तुतः तो त्याच्या तोंडावर दुसऱ्या कोणी तरी, आपल्या सोयीसाठी, बसविलेला असतो.

‘जेनशिन इम्पॅक्ट’ नावाचा एक चिनी खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. तो मोबाईलवर फुकट खेळता येतो. त्यात ‘हिलिचर्ल’ नावाचे मुखवटाधारी रानटी लोक जागोजाग झोपड्या घालून राहतात, शेकोटीभोवती नाचतात. खेळणारा त्यांना मारतो आणि त्यांचे फुटके मुखवटे गोळा करतो. त्या मुखवट्यांच्या मोबदल्यात त्याच्या शस्त्राचे व विद्येचे बळ वाढते. पुढे त्याच कथेत असे उघड होते की हे हिलिचर्ल म्हणजे एका उद्ध्वस्त राज्यातील माणसे; शापाने त्यांची रूपे पालटली, त्यांची भाषा आणि स्मृती गेली. कथा इतके सांगते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मुखवटे गोळा करण्याचे काम चालूच राहते! २०२१ साली या खेळावरून मोठा गदारोळ उठला. खेळ घडविणाऱ्यांच्या एका चित्रफितीत असे दिसले की या रानटी शत्रूंच्या हालचाली घडविताना आदिवासींच्या खऱ्या नृत्याच्या चित्रफिती समोर ठेवल्या होत्या. उद्या कोणी आपल्या पालघरच्या वारली बांधवांचा तारपा नाच असाच उचलला, नाचणाऱ्यांच्या तोंडांवर मुखवटे चढविले आणि ‘यांना मारा, बक्षीस मिळवा’ असे सांगितले, तर तुम्हांला कसे वाटेल?

‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ या २०१८ च्या खेळाची तऱ्हा थोडी निराळी आहे. त्यात प्राचीन ग्रीस देशातील एक गुप्त मंडळ आहे. त्याचे सभासद मुखवटे घालून जमतात. खेळणाऱ्याने पुरावे जुळवून एकेकाचा मुखवटा दूर करावयाचा आणि आत कोण दडला आहे हे ओळखावयाचे. येथे निदान शोध आहे, नाव आहे, पुरावा आहे. पण शोधाचा शेवट मात्र बहुधा एकच: खेळणारा स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच मांग. आरोपीला बोलू द्यावयाचे असते, हे त्या खेळाच्या नियमांत क्वचितच बसते.

आता तुम्ही विचाराल, ‘खेळ तो खेळ, पोर मोठे झाले की विसरेल. यात एवढे काय?’ खेळ खेळून मूल खुनी होते असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे पुराव्याला धरून होणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा मुखवटा खेळांत येण्यापूर्वी जगात होता, आणि ज्यांच्या तोंडांवर तो बसविला गेला ती माणसे खरी होती.

ही गोष्ट आपल्याच देशात घडली. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारचे अधिकारी विल्यम स्लीमन यांनी ठगांचा बीमोड केला, असे आपण शाळेत शिकलो. वाटमाऱ्यांच्या टोळ्या होत्या, त्या प्रवाशांचे गळे आवळीत, हे खरेच. परंतु या दरोडेखोरीला सरकारी दप्तरांनी आणि पुढे कादंबऱ्यांनी एका गूढ, पिढीजात, कालीभक्त पंथाचे रूप दिले. मेडोज टेलर यांची ठगाच्या कबुलीजबाबावरील कादंबरी १८३९ साली निघाली आणि विलायतेत तिचा फार बोलबाला झाला. त्याआधीच, १८३६ च्या ३० व्या कायद्याने असे ठरविले होते की एखादा इसम ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला सक्तमजुरीची जन्मठेप व्हावी. त्याने कोणाला, केव्हा, कोठे मारले हे दाखविण्याची गरज उरली नाही; माफीच्या साक्षीदाराने बोट दाखविले की पुरे. ‘याने काय केले?’ हा न्यायाचा प्रश्न मागे पडला आणि ‘हा कोणांपैकी?’ हा प्रश्न पुढे आला.

मुखवटा एकदा कायद्यात शिरला की तो लवकर निघत नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि मूल जन्मतःच गुन्हेगार ठरू लागले. आपल्या महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी आणि इतर कित्येक जमातींनी हे भोगले. सोलापूरला तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’ आजही लोकांच्या बोलण्यात आहे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातिभेदाचे नियम रद्द करावे लागले, आणि त्यांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे नियमही होते! कायदा गेल्यावर ७२ वर्षे मुखवटा टिकून राहिला. इकडे ठगांच्या त्या गूढ पंथाची करमणूकही झाली. १९८४ साली इंडियाना जोन्सचा ‘टेम्पल ऑफ डूम’ हा अमेरिकन चित्रपट निघाला. त्यात आपल्या अमरीश पुरी यांनी ठगांच्या पुजाऱ्याचे काम केले. १९८५ साली त्यावरून अटारी कंपनीने खेळ काढला आणि परदेशी मुले नाणे टाकून ठगांना चाबकाने झोडपू लागली. आजच्या झगेवाल्या, मंत्र पुटपुटणाऱ्या शत्रूच्या वंशावळीत हा ठग एक मोठा पूर्वज आहे.

आपल्या पूर्वजांना तरी याहून निराळे काय मिळाले? पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी तयार केलेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली निघाला. एक कसरतपटू मुलगी आपल्या पळविलेल्या धाकट्या भावाला सोडविण्यासाठी असुरांच्या सैन्याशी लढते. मुलीला नायिका केले ही गोष्ट चांगली. कारागिरीही नावाजली गेली. पण असुर तो असुरच. तो कोण, हा प्रश्न तेथेही येत नाही. हाच प्रश्न त्याच पुण्यात महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ या ग्रंथात विचारला होता. राक्षस म्हणजे येथील भूमीचे रक्षक, बळी म्हणजे रयतेचा राजा, असा त्यांनी पुराणांचा अर्थ लावला. बाबासाहेबांनीही १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात नागलोकांची आठवण करून दिली. पुराणांनी ज्यांना साप केले ती बौद्ध धर्माचा प्रसार करणारी माणसे होती, हे त्यांनी आपल्या लोकांना सांगितले. शिंगे, सुळे, फणा ही सर्व जित्याने जिंकलेल्याच्या तोंडावर बसविलेली सोंगे आहेत. ती काढून पाहण्याचे धैर्य या दोन पुरुषांनी केले, म्हणून आज आपण मान वर करून चालतो.

मुखवटा म्हणून मुखवट्याचे वावडे धरण्याचे कारण नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर, कागदाच्या लगद्याचे भले थोरले मुखवटे चढवून माणसे सोंगे नाचवितात. त्या उत्सवातील देवदेवता आपल्या नव्हेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तेथे रावणाचे सोंग कोणी घेतले आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. ते सोंग अमक्या घराण्याकडे, हे ठरलेले असते. रात्र सरली की रावण मुखवटा उतरवितो आणि सकाळी शेतावर जातो. कोणी त्याच्यावर कुऱ्हाड घेऊन धावत नाही. जो मुखवटा माणूस स्वतः चढवितो आणि स्वतः उतरवितो, तो कलेचा. जो दुसरा चढवितो आणि मरेपर्यंत उतरवू देत नाही, तो अन्यायाचा.

तो दुसरा मुखवटाही आपल्याच जिल्ह्याने पाहिला आहे. १६ एप्रिल २०२० ची रात्र, टाळेबंदीचे दिवस. मुंबईहून सुरतेकडे अंत्यसंस्कारासाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे अडविण्यात आले. मुले पळविणारे, शरीराचे अवयव काढून नेणारे चोर रात्री वेष पालटून हिंडतात, अशी अफवा त्या भागात पसरली होती. त्या अफवेने तिघांचे चेहरे झाकले. साधूचा वेष हाच वेषांतराचा पुरावा ठरला, आणि जमावाने तिघांनाही पोलिसांच्या डोळ्यांदेखत ठार मारले. पुढे शंभराहून अधिक माणसांना अटक झाली. इतक्यावर थांबले नाही. मारणारे अमुक धर्माचे होते अशी दुसरी अफवा देशभर सोडण्यात आली; अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची नावे प्रसिद्ध करून ती खोटी ठरवावी लागली. आधी मेलेल्यांच्या तोंडावर मुखवटा, मग मारणाऱ्यांच्या तोंडावर निराळा मुखवटा, असा हा प्रकार.

त्याच्या दोन वर्षे आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांना अशाच अफवेवरून ठेचून मारण्यात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते. पिढ्यानुपिढ्या दारोदार भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा निर्वाहाचा मार्ग. अनोळखी वेष, अनोळखी बोली, हातात झोळी. मोबाईलवर आलेल्या संदेशाने एवढ्यावरून त्यांना पोरे पळविणारी टोळी ठरविले. ‘तुम्ही कोण, कोठले?’ असे विचारून उत्तर ऐकून घेण्याइतका धीर कोणी धरला नाही.

आता, वाचकहो, स्वतःकडे पाहा. तुमच्यापैकी अनेकांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. पौर्णिमेला तुम्ही विहारात जमता. सर्वांची वस्त्रे एकाच रंगाची, शुभ्र. सायंकाळी मेणबत्त्या लावून तुम्ही एका सुरात पालीतून वंदना म्हणता. शेजारच्या आळीतील माणसाला तिचे अक्षरही कळत नाही. जुने देव तुम्ही घरातून हलविले, जुने सण सोडले. अजाण किंवा आकसखोर माणसाने दूरून पाहिले तर त्याला काय दिसेल? एकाच रंगाचे कपडे, अगम्य मंत्र, रात्रीची बैठक. खेळातील मुखवटाधारी पंथाची हीच तर लक्षणे मुलाला शिकविलेली असतात! ज्या साच्याला मारावयास तुमचा मुलगा शिकतो आहे, त्या साच्यात उद्या कोणी तुम्हांलाच बसवील. विहारातील माणसे आपली, ओळखीची, म्हणून तुम्हांला हसू येईल. पण राईनपाड्याला मेलेले पाच जणही आपापल्या पालावर ओळखीचेच होते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल. ‘अघोरी पंथ, नरबळी देणारे, हे काय नुसते कल्पनेतच असतात?’ नाही, ते खरे असतात. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ च्या काळात बायका आणि कोवळ्या मुली यांचे जे खून झाले ते विसरता येणार नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झगडा केला; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. तो कायदा कोणत्या रीतीने चालतो हे पाहण्यासारखे आहे. तो कृत्ये सांगतो: अमुक करणे गुन्हा, तमुक करणे गुन्हा. ज्याने ते केले त्याचे नाव घेऊन, पुरावा देऊन, त्याचे म्हणणे ऐकून शिक्षा होते. झगा, भाषा, जमात यांवरून तो कोणाला गुन्हेगार ठरवीत नाही. १८७१ च्या कायद्याने जन्म पाहिला. २०१३ च्या कायद्याने कृत्य पाहिले. या दोहोंमधील अंतर तुमच्या मुलाला कळले तर त्याला राज्यघटनेचा अर्धा अर्थ कळला असे समजा.

याच संदर्भात अंगुलीमालाची कथा नव्याने वाचावी अशी आहे. तो काही निरपराध नव्हता. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा तो खराच भयंकर मनुष्य होता. गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली, अशी परंपरागत कथा आहे. राजा प्रसेनजित पाचशे स्वार घेऊन त्याच्या पाठलागाला निघाला होता. भगवंत मात्र एकटे त्याच्यासमोर गेले आणि त्याच्याशी बोलले. ‘अंगुलीमाल’ हे त्याच्या दहशतीचे नाव. त्याचे मूळचे नाव अहिंसक होते. भगवंतांनी त्या माळेआडचा अहिंसक पाहिला, म्हणून तो भिक्षू होऊ शकला. आणि भिक्षू झाल्यावरही लोकांनी त्याला दगड मारले, हेही त्या कथेने लपविलेले नाही. खऱ्याखुऱ्या नरसंहारकाशीही आधी बोलणे होऊ शकते, ही त्या कथेची शिकवण. मग ज्याच्याविरुद्ध नुसती अफवा आहे त्याच्याशी बोलावयास आपली हरकत काय?

तर मग करावयाचे काय? मोबाईल हिसकावून भिंतीवर आपटण्याने काही साधणार नाही. पोर शेजारच्या घरी जाऊन खेळेल. त्यापेक्षा सुटीच्या दिवशी अर्धा तास त्याच्या शेजारी बसा. खेळ पाहा आणि त्याला तीन प्रश्न विचारा. याच्या तोंडावर मुखवटा कोणी चढविला? हा वाईट आहे हे तुला कोणी सांगितले? याने काय केले ते तू स्वतः पाहिलेस का? मूल आधी हसेल, मग विचारात पडेल. कालाम लोकांना भगवंतांनी हेच सांगितले होते: ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, पारखून घ्या.

आणि जे मुलाला शिकवाल ते स्वतः पाळा. मोबाईलवर ‘पोरे पळविणारी टोळी आली आहे’ असा संदेश आला तर तो पुढे ढकलू नका. वस्तीत कोणी अनोळखी फकीर, गोसावी, फेरीवाला किंवा परप्रांतीय मजूर आला आणि लोक जमू लागले तर त्याला घरात घ्या, पाणी द्या, नावगाव विचारा, ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवा. जमावाने हत्या करण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी सरकारांना निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जात, समाज, भाषा, श्रद्धा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनास मृत्युदंड वा जन्मठेप सांगितली आहे. परंतु कायदा पोहोचेपर्यंत जो वेळ जातो तेवढ्यातच माणूस मरतो. त्या वेळात त्याच्यापुढे उभे राहावयाचे काम शेजाऱ्याचे आहे, म्हणजे तुमचे आहे.

हे काम तुम्हींच का करावे, असे विचारू नका. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यांवरून चालताना ज्यांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, त्यांची तुम्ही लेकरे आहात. त्या मडक्याझाडूमागचा माणूस कोणाला दिसत नव्हता. तो दिसावा म्हणून एका पुरुषाने आयुष्य वेचले आणि तुम्ही माणसांत आला. ज्याच्या तोंडावरून मुखवटा निघाला आहे, त्याने दुसऱ्याच्या तोंडावर तो बसू देता कामा नये. तुमच्या मुलाने खेळात शंभर मुखवटे गोळा केले तरी हरकत नाही. पण वस्तीत एखाद्या परक्या माणसावर हात उगारलेला दिसला, की त्या माणसाचे नाव विचारणारा पहिला आवाज तुमच्या घरातून उठला पाहिजे.